काळ्या ओरखड्यांचा चुंबक

मित्रांनो, दूरच्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या पत्राला आमच्या सरांनी उत्तर दिले नव्हते. 'तुमची छापून आलेली कृती तंतोतंत पाळली, तरी इथे आम्ल तयार होत नाही. सगळे माझ्याच हाताला दोष देतात. पुढच्या वर्षी मला कामावर ठेवणार नाहीत. माझे काय चुकते?' असे एका बाईंनी विचारले होते. सर दोन ओळी लिहीत आणि कागद फाडत. त्यांना कारण ठाऊक नव्हते, आणि तेवढेच लिहून टाकणे काही जमत नव्हते.

मी एक जुना चुंबक आहे. करंगळीच्या पेराएवढा, पांढऱ्या टेफ्लॉनच्या अंगरख्यातला. चुंबक न चिकटणाऱ्या पोलादी भांड्याच्या तळाशी गरगर फिरून द्रावण ढवळणे हे माझे काम. वर दाबाखाली कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन भरत. सरांची पिवळी पूड, म्हणजे उत्प्रेरक, दोघांची गाठ घालून देई आणि फॉर्मिक आम्ल तयार होई. मुंगी चावल्यावर झोंबते तेच. दाब सोडून ते तापवले, की दोन्ही वायू पुन्हा वेगळे. सोयरीक जमवणाराच काडीमोडही करून देणार! हायड्रोजन असा बाटलीत साठवता येईल, म्हणून पुडीची वाहवा झाली. ढवळणाऱ्याचे नाव कोण घेतो?

एकदा सरांची विद्यार्थिनी धावत आली.

"सर, ओरडू नका हं."

"मी कधी ओरडलोय?"

"म्हणूनच भीती वाटते. पूड घालायचीच विसरले. तागडीवरच राहिली."

"मग भांडं उघड, धू, परत लाव."

"उघडलं सर. आत आम्ल आहे."

सर खुर्चीत बसले. मग त्यांनी मला चिमट्याने उचलून भिंगाखाली धरले. पूर्वी एका काळ्या, महाग धातूच्या प्रयोगांत मी वर्षे काढली होती. तळाशी घासून पडलेल्या माझ्या ओरखड्यांत तो धातू रुतून बसला होता. नवा चुंबक आणि पिवळी पूड घालून पाहिले: आम्ल नाही. नवे भांडे आणि एकटा मी: आम्ल आहे.

"वाहवा मग याचीच म्हणायची," विद्यार्थिनी हळूच म्हणाली.

"आणि बोल लागला त्या बाईंना," सर म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. आमचे अंग ओरबाडले, की आम्हांला बाजूला ठेवा. आणि कुणाला श्रेय किंवा दोष देण्याआधी एकदा पुडीशिवाय भांडे चालवून बघा.

सरांनी त्या दिवशी कागद फाडला नाही. 'चूक तुमच्या हाताची नाही, माझ्या चुंबकाची आहे. सोबत पाठवतो, वरिष्ठांसमोर चालवून दाखवा. माझा निष्कर्ष मी जाहीरपणे मागे घेत आहे.' मला कापसात गुंडाळून पाकिटात घातले.

"मी टाकून येते, सर."

"नको. मीच जातो."

टपालपेटी लोखंडी होती. आत शिरताच मी पाकिटासकट तिच्या भिंतीला चिकटलो. पाकीट पडल्याचा आवाज सरांना आला नसावा. मग त्यांनी बाहेरून जोरात एक थाप मारली, आणि आम्ही खाली पडलो.