दोमाजीचा पगार

हणमंतरावांना हिशोब येत नाही असं म्हणणारा माणूस चाकूर तालुक्यात अजून जन्मायचाय. अठरा एकर रान, दोन बोअर, बी कधी घ्यायचं, तूर कधी विकायची, सगळं तोंडपाठ. कुणाचा रुपया अंगावर नाही आणि आपला रुपया कुणाकडं सोडलेला नाही. अशा माणसानं पोटच्या पोरीचा क्लब सव्वादोन महिन्यांत बुडवला. तोही बेसावधपणे नाही, चांगला कागद-पेन घेऊन, मांडणी करून बुडवला. आता काय बोलावं अशा माणसाला.

क्लब म्हणजे मोबाईलातला. बास्केटबॉलचा. खेळाडू लिलावात घ्यायचे, त्यांना पगार द्यायचा, तिकिटाचा दर ठरवायचा. आठवड्याला दोन मॅच आपल्या आपण होतात, त्यांचा निकाल बघायचा. आपण नुसतं मालक. त्यांची एकुलती एक पोर तनुजा आठवीपासून हे करत होती. शाळेत ती खरं बास्केटबॉलही खेळायची, जिल्ह्यापर्यंत जाऊन आली होती. मग डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास आला आणि बूट माळ्यावर गेले. मोबाईलातला 'चाकूर चित्ते' तेवढा तिचा म्हणून राहिला.

बारावीनंतर परीक्षेत मार्क कमी पडले. जूनमध्ये हणमंतरावांनी तिला लातूरला रिपीटरच्या बॅचला घातलं. वर्षाची फी एकदम भरली, होस्टेलचे पैसेही एकदम. होस्टेलात मोबाईल बंद. जायच्या दिवशी तिनं आपला मोबाईल आणि चित्त्यांच्या मॅच लिहिलेली एक दोनशे पानी वही बापाच्या हातात दिली.

"अप्पा, तुम्ही काहीच करायचं न्हाई. नुसतं सांभाळायचं. दर सोमवारी अकराला पैसे कापले जातात, घाबरू नका. आन गुरुपादप्पाला विकायचं न्हाई."

गुरुपादप्पा म्हणजे चित्त्यांचा कॅप्टन. त्या खेळात नव्या पोराचं नाव आपल्याला ठेवता येतं. तिनं पहिल्याच पोराला आपल्या शाळेतल्या खेळाच्या सरांचं नाव दिलं होतं. खेळातलं वर्ष तीन महिन्यांत सरतं, म्हणून अठराचा तो पोरगा आता चौतिशीला आला होता. गुडघे गेले होते, पण तनुजा त्याला रोज खेळवायची.

"त्याला कोण विकायलंय," हणमंतराव म्हणाले.

एक महिना त्यांनी खरंच नुसतं सांभाळलं. पण रोज मोबाईल उघडला की शिल्लक दिसायची. चौदा लाख. खेळातलेच पैसे, पण आकडा तर आकडाच ना. पडीक रान आणि पडून असलेला पैसा, दोन्ही या माणसाला बघवत नाही. त्यात दर रविवारी चार ते पाच होस्टेलच्या गेटवर भेट असायची आणि पोरगी दर वेळी जरा जरा उतरलेली दिसायची. डोळ्यांखाली काळं. डब्यातली धपाटी तशीच परत. तिची ती जीवशास्त्राची पुस्तकं काही हणमंतरावांना कळत नव्हती. तिच्यासाठी काय करावं हेच समजत नव्हतं. करता येण्यासारखं एकच हातात होतं, हा क्लब. चित्ते वरच्या गटात नेऊन ठेवू आणि एका रविवारी पोरीला सांगू, असं त्यांच्या मनानं घेतलं.

लिलावात एक गडी होता. सात फूट दोन इंच, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातला, नाव डोमान्तास. हणमंतरावांनी त्याचं दोमाजी केलं. बोली नऊ लाखांवर अडली होती आणि नावाखाली लिहिलं होतं, पगार ब्याण्णव हजार.

आता इथं त्यांच्या घरचा सालगडी मारोती मध्ये येतो. अकरा वर्षं झाली, दर पाडव्याला मारोती पान-सुपारीला येतो, सालाचा आकडा बोलला जातो, वर ज्वारी, कपडे ठरतात, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत कुणी त्यावर शब्द काढत नाही. पगार म्हणजे सालाचा. मध्येच कुणाला काढायचं नसतं आणि कुणी सोडून जायचं नसतं. साल मोडणाऱ्या मालकाकडं पुढं गडी येत नाही, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा ब्याण्णव हजार बघून हणमंतरावांना वाटलं, अरे, हे तर मारोतीपेक्षाही स्वस्त पडलं. सात फुटी गडी, सालाला ब्याण्णव हजार, जेवणखाण त्याचं तो बघणार.

मग दर सोमवारी कापले जातात ते पैसे कशाचे? तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मैदानाचं भाडं, लाईट, झाडलोट. जुन्या खेळाडूंचे पगार पोरीनं सालाच्या सुरुवातीलाच चुकते केले असणार. आपलीच पोर, कुणाचं ठेवणार आहे होय.

दोमाजी घेतला. त्याच झपाट्यात पंचावन्न हजारवाला एक आणि अठ्ठेचाळीस हजारवाला एक, दोन-दोन लाखांना उचलले. शिल्लक एक लाख उरली. त्या रात्री हणमंतराव बायकोला म्हणाले, "सिंधु, तुझ्या पोरीचं लई मोठं काम केलंय बघ." सिंधुबाईंनी विचारलंही नाही काय ते.

पहिल्या सोमवारी अकरा वाजता शिल्लक लाल झाली. उणे पंचाहत्तर हजार. त्यांना वाटलं, झालं, सालाचे पगार एकदम कापले. आता पुढं नुसती आवक. पण त्याच दिवशी खेळातच नांदेडच्या कुणा अमरेशची चिठ्ठी आली. 'तनुजा, वेडी झालीस का? त्या लांबड्याला शुक्रवारच्या आत विक. शुक्रवारनंतर या सीझनची खरेदी-विक्री बंद.'

चिठ्ठी वाचून त्यांचं डोकं फिरलं. एक तर माझ्या पोरीला अरे-तुरे करणारा हा कोण. आणि दुसरं, बैल विक म्हणून जो सांगायला येतो त्यालाच तो बैल पाहिजे असतो, हे काय त्यांना नव्यानं शिकायचं होतं? शिवाय घेतलेल्या गड्याला दहा दिवसांत काढायचं म्हणजे साल मोडायचं. त्यांनी उत्तर दिलं नाही. शुक्रवार सरला.

दुसऱ्या सोमवारी उणे अडीच लाख. खाली तांबड्या अक्षरांत ओळ आली: सलग तिसऱ्या सोमवारी शिल्लक उणे राहिल्यास क्लब बंद करण्यात येईल.

हणमंतराव दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदेडला गेले. अमरेशचा पत्ता त्यांनी आदल्या रात्री खेळातच चिठ्ठी टाकून मागून घेतला होता. निघाला कोण, तर स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा चोविसेक वर्षांचा पोरगा. त्यानं आधी काकांना स्टूल दिलं, चहा मागवला, मग मोबाईल हातात घेतला आणि एकेक आकडा वरून खाली बघत गेला.

"काका, हा पगार आठवड्याचा असतो."

"आठवड्याचा?"

"हाव. दर सोमवारी."

"ब्याण्णव हजार, दर आठवड्याला? त्या लांबड्याला?"

"म्हणून तर तो नऊ लाखांवर अडला होता. कुणी हात लावत नव्हतं त्याला. मी चिठ्ठी टाकली, मला वाटलं तनुजाच खेळायलीय."

हणमंतरावांनी पदरचा एकेक उपाय काढून बघितला. विकून टाकू? खरेदी-विक्री बंद. काढून टाकू? काढला तर चार आठवड्यांचा पगार हातावर ठेवावा लागतो, खड्डा आणखी खोल. तूच दे की रे तुझ्या क्लबातून उधार, पुढच्या महिन्यात फेडतो. अमरेशनं मान हलवली. ओळखीत पैसे फिरवले तर खेळ चालवणारे दोन्ही क्लब उडवतात.

मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पैशाची पिशवी काढली. तुरीचे होते, बँकेत टाकायचे राहिलेले. "हे घे. चाळीस हजार हायत. आणखी आणून देतो. खरे हायत बाबा, त्याच्यात भरून दे."

अमरेशनं पिशवीला हात लावला नाही. "काका, ह्या खेळात खरे पैसे चालत न्हाईत. एक रुपयाही न्हाई. म्हणूनच आमच्यासारखे खेळून राहिलेत."

जन्मात पहिल्यांदा हणमंतरावांचा पैसा कुणी नको म्हणालं होतं. ते पिशवीकडं बघत बसले. शरम वाटली, रडू येईल असं वाटलं, आणि परक्या पोराच्या दुकानात रडायचं कसं म्हणून त्यांनी थंडगार चहा एका घोटात पिऊन टाकला.

"बंद झाला तर पुढं काय होतं?"

"क्लब पुसतात. खेळाडू लिलावात जातात. ज्याला पाहिजे तो घेतो."

"गुरुपादप्पा पण?"

"तो पण. त्या वयात कोण घेणार म्हणा. मी बघतो काका. बुडालेल्या क्लबचा लिलाव कधीही होतो, त्यात मला घेता येतो."

रविवारी पोरीला सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच हणमंतराव लातूरला गेले. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं. गेटच्या आत लिंबाखाली बाकड्यावर तनुजा बसली होती. मनगटं काडीसारखी झालेली.

"झोपतीस का न्हाई नीट?"

"लागत न्हाई झोप. खोलीत चौघी, कुणीच कुणाशी बोलत न्हाई." ती जरा हसली. "मग मी डोळे मिटून टीम लावते अप्पा. गुरुपादप्पा मधी, उमाशंकर डावीकडं, बुद्धप्रिया उजवीकडं. समोरचे बघायचे, कुणावर कोण ठेवायचा ते ठरवायचं. हाफटाईमपर्यंत झोप लागून जाते. तेवढं एकच चांगलं चाललंय बघा."

जुळवलेलं वाक्य त्यांनी गिळलं. बोलून तरी काय होणार होतं? सोमवार काही तिलाही अडवता येणार नव्हता.

सोमवारी अकराला ते रानात बोअरपाशी उभे होते. मारोती बाजूला फवारणीचा पंप धूत होता. आकडा चार लाख पंचवीस हजारांवर गेला, मग चित्त्याचं चित्र गेलं, मग नावं एकेक करून गेली आणि कोरं पान उरलं. मारोतीनं विचारलं काय झालं. त्यांनी सांगितलं, त्याला जमेल तेवढं.

"आठवड्याला पगार व्हय?" मारोती म्हणाला. "मंग त्यायचं लई बरं हाय की, मालक."

हणमंतरावांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि बोअर चालू केली.

पुढच्या रविवारी तनुजानं विचारलं, "मॅचचं काय झालं?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जिंकलो. चार पॉइंटांनी." पोरीचा चेहरा उजळला. झालं, मग सुटका नव्हती. एक थाप पचवायला दुसरी लागते. दोनशे पानी वहीत त्यांनी मागच्या बाजूनं लिहायला घेतलं. या बुधवारी कोण समोर, किती तिकिटं गेली, सोमवारी किती कापले, शिल्लक किती. एखादी मॅच हरायचे, सारखं जिंकलं तर शंका येईल म्हणून. उमाशंकरचा पाय मुरगळला तर त्याला दोन आठवडे बसवायचे. तनुजा सांगायची, तिकीट पाच रुपयांनी वाढवा, आणि ते घरी येऊन वहीत वाढवायचे. हिशोब इतका चोख की एक पैसा इकडचा तिकडं नाही. सोयाबीन काढणीला आलं तरी ते बाजेवर बसून लिहायचे. सिंधुबाई म्हणायच्या, "रान सोडून काय लिहून राहिलात?" ते म्हणायचे, पोरीचं आहे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यांनी सगळ्यांत मोठी मॅच आणली होती. रात्रभर जमवलेली. शेवटच्या मिनिटाला दोन पॉइंटांनी मागं, आणि गुरुपादप्पानं लांबून टाकला.

"किती मारले त्यानं?" तनुजानं विचारलं.

"एकवीस. पोरं खांद्यावर घेऊन नाचली."

ती पायानं लिंबाचा पाला गोळा करत होती. करत राहिली.

"ह्या दोन आठवड्यांत मॅच नसतात अप्पा. सीझन संपला की पंधरा दिवस खेळ बंद असतो."

हणमंतरावांनी वही मिटली.

"गुरुपादप्पाला कुणी घेतलं?"

खोटं सांगायला आता काही शिल्लक नव्हतं. "नांदेडच्या अमरेशनं. हजाराला."

"पगार?"

"तीन हजार," ते म्हणाले. "आठवड्याला."

तिनं मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान ऐकून घ्यायचं काम तरी मिळालं असतं. "क्लब गेला असं मला तीन आठवड्यांपासून वाटत होतं," ती म्हणाली. "तरी मी टीम लावायचे. तुम्ही सांगायचात तीच." मग गाडी कितीला आहे असं विचारावं तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, "आता रात्री काय करू मी, अप्पा?"

चल घरी, असं हणमंतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण फी वर्षाची भरलेली होती, परीक्षा मे महिन्यात होती, आणि साल मध्येच मोडायचं कसं हे या माणसाला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. पाचची बेल झाली. तनुजानं डबा उचलला आणि आत गेली. ते वही मांडीवर धरून बसून राहिले. वॉचमननं येऊन, काका, गेट लावायचंय, असं म्हटलं तेव्हा उठले.