रिक्त जागा: एक

ताईने चादरींच्या खोलीच्या दारावर पुन्हा बोटं वाजवली आणि दाराला कान लावला. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. तेच तिला आवडलं नाही.

"चिऊ, मी आहे. एकटीच आहे. कडी काढ."

एकटी ती नव्हती. मागे सर्जरी वॉर्डच्या सिस्टर इंजेक्शनांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनीच फोन करून ताईला डीनच्या ऑफिसातून बोलावून घेतलं होतं.

"मोठे सर राउंडला यायच्या आत बाहेर काढा हिला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पोट बिघडलंय म्हणून सांगून ठेवलंय मी. पण पोट तरी किती वेळ बिघडणार?"

कडी निघाली. ताई आत शिरली आणि तिने दार लोटून घेतलं. धाकटी बहीण धुऊन आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. गळ्यात स्टेथोस्कोप, पायात एकच बूट. दुसरा बूट आणि मोजा तिच्या हातात होता. तो काढायला घेतला होता की घालायला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ताई जमिनीवर बसली आणि तिचा अनवाणी पाय मांडीवर घेतला. पाऊल सुजलं होतं आणि घोट्याभोवती मोज्याचा वळ खोल उमटला होता.

"काय झालं?"

"पाच नंबरच्या बेडचे आजोबा गेले," चिऊ म्हणाली. "सकाळी. मीच तपासलं, मीच डिक्लेअर केलं. त्यांच्या मुलाला मीच सांगितलं. मग नोट्स लिहायला बसले. सगळ्या बेडच्या लिहिल्या. पाच नंबरचीही लिहिली. तब्येत स्थिर. झोप चांगली."

ताईने तिच्या घोट्यावरचा वळ अंगठ्याने चोळला.

"झोप चांगली, ताई." चिऊ हसली, आणि ते हसणं ताईला बघवेना. "मुलगा कागद मागायला आला होता. शेजारीच उभा होता. त्याने वाचलं. माझ्याकडे नुसतं बघितलं."

कालची नोट समोर ठेवायची आणि आजच्या तारखेखाली उतरवून काढायची, ही सगळ्याच रेसिडेंटांची, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांची, रीत. बेड भाराभर आणि लिहिणारा हात एक. रोज नवीन कोण काय लिहिणार? मोठे सरही त्यांच्या काळात असंच लिहीत आले असणार. पण आपणच ज्याचे डोळे मिटले त्याची झोप चांगली आहे असं लिहायचं, तर माणूस आधी स्वतःच अर्धा गेलेला असावा लागतो.

"मला काही वाटतच नाही आता," चिऊ म्हणाली. "टाके घालताना हात थरथरतो. काल जिन्यात उभी होते, तर वाटलं पाय घसरला तर बरं होईल. निदान प्लास्टरमध्ये झोपून तरी राहता येईल. आणि मग वाटलं, प्लास्टर तरी कशाला." तिने बूट खाली ठेवला. "सीट सोडू का गं? आज शेवटचा दिवस आहे. तू सांग. तू सांगशील ते करते."

आज शेवटचा दिवस आहे हे ताईला कुणी सांगायला नको होतं. विद्यापीठाचा नियम तिने स्वतःच गेल्या आठवड्यात ठळक अक्षरांत छापला होता. ज्या रेसिडेंटला सीट सोडायची असेल त्याने आज पाचच्या आत राजीनामा द्यायचा. ती सीट वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या उमेदवाराला मिळते. पाचनंतर सोडली तर सीट वर्षभर रिकामी पडते आणि सोडणाऱ्याला पुढे कुठल्याच विषयात प्रवेश मिळत नाही.

आणि सर्जरीच्या वेटिंग लिस्टवर पहिलं नाव ताईचंच होतं.

दोघींनी एकमेकींसमोर हे कधी उच्चारलं नव्हतं. धाकटीला पहिल्याच फटक्यात सीट मिळाली. थोरली दोनदा आपटली, आणि तिसऱ्या, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटच्या खेपेला, एका जागेने राहिली. ती एक जागा कुणाची, हा प्रश्न घरात कुणी काढला नाही. जेवताना सगळे ताटात बघत. तेव्हापासून ती डीनच्या ऑफिसात बसून 'बातम्या आणि संधी' नावाचं पत्रक काढत होती. कुठे कसली फेलोशिप निघाली, कुणाच्या पोस्टरला बक्षीस मिळालं, कोणत्या परिषदेला कोण चाललं. दर शुक्रवारी ते विद्यापीठातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंटांना जाई. पोरं तिला संधीताई म्हणत. बाबा पाहुण्यांना सांगत, "आमच्या घरात दोन डॉक्टर. एक कापते, एक छापते." बाबांच्या मते हा विनोद होता.

ताईच्या छातीत धडधड सुरू झाली. 'सोड' एवढंच म्हणायचं होतं. तिच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते बहिणीबद्दलचं नव्हतं. पाच वाजायला किती वेळ आहे, हे आलं. त्याची तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"नको," ती म्हणाली. "नको सोडू. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. थोडे दिवस कळ काढ. आणि पुढच्या आठवड्यात ते शिबिर आहे ना, ताणतणावाचं. दीर्घ श्वसन वगैरे. मीच छापलंय."

चिऊने खाली ठेवलेला बूट उचलून ताईकडे दिला.

"बरं," ती म्हणाली.

ताईने तिच्या पायात मोजा चढवला, बूट घातला आणि नाडीला दुहेरी गाठ मारली, शाळेत जाताना मारायची तशी. स्वतःच्या केसांचं रबर काढून तिचे केस बांधले. चिऊ उठली आणि निमूट वॉर्डाकडे गेली. जाताना तिचा एक हात भिंतीवरून सरकत होता.

जिन्यात आईचा फोन आला. चिऊने सकाळी आईलाही फोन केला होता, आणि आईने तेव्हापासून अन्नाला हात लावला नव्हता.

"बोललीस तिच्याशी?"

"हो. सोडू नको म्हणून सांगितलं."

पलीकडून सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. "बरं केलंस बाई. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मला आपली भीती, की तू..."

"की मी काय?"

"काही नाही गं. जेवलीस का?"

ताई फोन हातात धरून उभी राहिली. आधी तिला बरं वाटलं. बघा, मी तसली नाही. दोन पायऱ्या उतरेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग आईचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं, आणि ते ऑफिसात पोचेपर्यंत काही डोक्यातून गेलं नाही.

ऑफिसात मॅडम घाईत होत्या. पत्रकाचं सगळं त्यांच्या सहीने चाले.

"संधीताई, पाचला गेलंच पाहिजे हं. डीनसाहेबांचा फोटो जरा मोठा कर. आणि रिक्त जागांचा रकाना भर."

ताईने रकाना भरला. सर्जरी, रिक्त जागा: नाहीत. मग तिने डीनसाहेबांना मोठं केलं. त्यापायी शेजारचा फोटो कडेने कापावा लागणार होता. नव्या रेसिडेंटांच्या स्वागताचा जुना फोटो होता तो, मॅडमना फार आवडायचा म्हणून वारंवार छापला जाणारा. कडेला चिऊ उभी होती. गोबऱ्या गालांची, तोंडभर हसणारी, नवा कोरा अ‍ॅप्रन घातलेली. मघाशी चादरींवर बसली होती तिला गाल नव्हतेच.

ताईचा हात माउसवर तसाच राहिला.

लिस्टवर पहिलं नाव कुणा परक्याचं असतं तर? तर तिने चिऊला हाताला धरून तिथूनच इथे आणलं असतं. पाय घसरला तर बरं होईल, असं म्हणणारी मुलगी ओपीडीत समोर बसली असती, तर ताईने तिला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नसतं. हिला मात्र तिने केस बांधून, बूट घालून त्याच जिन्याच्या वाटेवर सोडलं होतं. का, तर लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीच्या तोंडचा घास काढला. आई तेवढंही म्हणाली नसती. जेवलीस का, एवढंच विचारलं असतं, जन्मभर.

ती उठली आणि पुन्हा वॉर्डाकडे गेली. काचेतून चिऊ दिसली. कुणाच्या तरी पोटावरची पट्टी सोडत होती आणि मधेच थांबून पलंगाची कड पकडत होती. ताईने दार ढकललं. चिऊने मान वर केली.

"काय गं?"

ताईने तोंड उघडलं आणि छातीत तीच धडधड पुन्हा सुरू झाली. भीतीची म्हणावी तर भीतीची, आणि आशेची म्हणावी तर आशेचीही. हा शब्द आत्ता तोंडातून निघाला तर तो कुणासाठी निघाला, हे तिचं तिलाच कधी कळलं नसतं.

"काही नाही," ती म्हणाली. "डबा खा." आणि उलट पावली पळत सुटली.

"मॅडम," ऑफिसच्या दारातूनच ती म्हणाली, "वेटिंग लिस्टवरून नाव काढायचं असेल तर काय करावं लागतं?"

"सही. कुणाचं काढायचंय?"

"माझं."

मॅडमनी चष्मा काढला. "बस जरा. पाणी पी. अगं, तिसरी खेप तुझी. यानंतर परीक्षेलाही बसता येणार नाही."

"माहीत आहे. मीच छापलंय."

"घरी विचारलंस?"

"नाही."

"उद्या म्हणशील डोकं फिरलं होतं..."

"म्हणेन कदाचित. पण पाच वाजत आलेत, मॅडम."

मॅडमनी कागद पुढे सरकवला. ताईने सही केली. अभ्यासातली इतकी वर्षं, पहाटेचे गजर, हाडांची नावं घोकताना बाबांनी मुकाट्याने आणून ठेवलेला चहा, सगळं त्या सहीत बसलं आणि सही नेहमीएवढीच झाली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने फक्त पेनाचं टोपण लावलं.

वॉर्डात मोठ्या सरांचा राउंड सुरू झाला होता. चिऊ फायली छातीशी धरून घोळक्याच्या मागे उभी होती. ताईने तिच्या हातातल्या फायली काढून शेजारच्या मुलाकडे दिल्या.

"चिऊ, चल."

"कुठे?"

"सीट सोडायला. आत्ता."

मोठे सर वळले. "राउंड चालू आहे इथे."

"चालू द्या," ताई म्हणाली. असं ती आयुष्यात कुणाला बोलली नव्हती.

व्हरांड्यात चिऊला ओढतच न्यावं लागलं. मधेच ती थांबली. "मघाशी तर नको म्हणालीस."

"मघाशी चुकले."

चिऊने तिचा चेहरा न्याहाळला. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"आता तुलाच मिळेल ना?" ती म्हणाली. "पहिलं नाव तुझंच आहे. मी सारखा तोच विचार करत होते, ताई. सोडली तरी वाया जायची नाही. घरातच राहील." तिचे डोळे भरून आले, दिवसभरात पहिल्यांदाच. "तुला राग नाही ना आला, माझी उष्टी सीट म्हणून?"

सीट हुकल्यापासून ज्या बोटांनी फक्त टाइप केलं होतं, त्या बोटांनी ताईने बहिणीचे डोळे पुसले.

"वेडी," ती म्हणाली. "चल लवकर."

राजीनामा वेळेत पोचला. मॅडमनी तो उभ्याउभ्याच घेतला, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेन पुढे केलं. सही झाल्यावर चिऊ म्हणाली, पाचच मिनिटं टेकते. कपाटामागे दोन खुर्च्या जोडून ती आडवी झाली आणि तोंड किंचित उघडं ठेवून तिथेच झोपली. ताईने तिचे बूट काढून खुर्चीखाली ठेवले.

मग तिने 'नाहीत' खोडून 'एक' लिहिलं आणि पत्रक पाठवून दिलं.

राहिला फोन. जागा निघाली की लिस्टवरच्या उमेदवाराला ऑफिसातून फोन जातो, आणि तो फोन संधीताईनेच करायचा असतो.

"मी करू का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"नको. माझंच काम आहे."

पलीकडे एका तरुणाचा आवाज होता. मागे कुठल्याशा लहान दवाखान्यातली गडबड, कुणाचं तरी मूल रडत होतं. तिचं म्हणणं त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो फोन बाजूला धरून ओरडला, "आई! अगं लागली! सर्जरी लागली!" परत फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज ठिकाणावर नव्हता.

"मॅडम, खरंच ना? चुकून तर नाही ना केलात फोन? माझ्या आधी एकजण होती."

"तिने नाव काढून घेतलं."

"आज?" तो क्षणभर थांबला. "आजच्या दिवशी? वेडी आहे का ती?"

कपाटामागे खुर्ची करकरली. चिऊने कूस बदलली असावी. ताईने फोन तोंडाशी धरून त्यावर दुसरा हात आडवा धरला.

"सोमवारी सकाळी वॉर्डात हजर व्हा," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि बूट एक नंबर मोठे घ्या. पाय सुजतात."