सगळे टोपीचंच ऐकायचे

मी एक जुनी पोलादी नळी आहे. लांबी नऊ सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. एका टोकाला पाला भरायची इवलीशी वाटी, दुसऱ्या टोकाला ओठ लावायची जागा. वाटीवर एक टोपी बसते. मित्रांनो, आज फक्त माझी गोष्ट सांगायची असं मी ठरवलं होतं, पण टोपीला वगळून ती सांगताच येत नाही. आयुष्यभर मला राग आला तो याचाच.

मला कराकोल शहरातल्या इशेनालीने घडवलं. सरोवरकाठच्या जहाजदुरुस्ती कारखान्यात तो एकतीस वर्षं टर्नर होता. त्याची बायको सायकाल लग्नांमध्ये तमादा असते. म्हणजे मायक्रोफोन हातात घेऊन कुणाला आशीर्वादाला उठवायचं, कुणाची खेचायची, रडणाऱ्या आईला हसवायचं, आणि हे सगळं सलग सहा तास. अशाने घसा बसतो. डोंगरावरचा कियिक-ओत, ओव्यासारख्या वासाचा बारीक पाला, गरम करून त्याची वाफ ओढली की तिला बरं वाटायचं. पाला जाळायचा नसतो, नुसता तापवायचा असतो. जळला की धूर होतो आणि धुराने घसा आणखी बसतो.

माझ्यावर इशेनालीचे दोन दिवस गेले. त्याने वाटी कोरली, भोकं पाडली, कड घासून गुळगुळीत केली. टोपीला जेमतेम एक दुपार लागली. बंद पडलेल्या हीटरमधली एक छोटी चकती त्याने टोपीच्या माथ्यात बसवली, ती निसटू नये म्हणून आत पातळ पत्र्याच्या पाकळ्या दिल्या आणि झालं. ती चकती दोन धातूंची आहे. ठरावीक उष्णता झाली की ती उलटी फुगते आणि टक् वाजते. निवली की पुन्हा टक्. पहिल्या आवाजाला लायटरची ज्योत बाजूला करायची, दुसरा येईपर्यंत पुन्हा तापवायचं नाही. टोपीचं सगळं ज्ञान एवढंच. तेही हीटरकडून आलेलं.

पण पहिल्यांदा टक् वाजलं तेव्हा सायकालने टाळी पिटली.

"अगंबाई, बोलते की ही! अबिश्का, तुझ्यापेक्षा बरी. तुला दहा हाका मारल्या तरी हूं नाही की चूं नाही."

अबिश्का म्हणजे म्हातारबा. इशेनालीने मान वर न करता म्हटलं, "म्हातारा कुणाला म्हणतेस, बायबिचे? तुझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे मी."

"दिसत नाहीस."

बायबिचे म्हणजे घरची मालकीणबाई. त्याने तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

त्या दिवसापासून कौतुक झालं ते टोपीचंच. शेजारणी चहाला आल्या की म्हणायच्या, "सायकाल एजे," म्हणजे सायकालताई, "ती टोपी वाजवून दाखवा ना." वाजली की सगळ्या हसायच्या. पाला माझ्यात, वाफ माझ्यातून, ओठ मला लागलेले, आणि शाबासकी तिला. दर रविवारी सायकाल कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टोपी आतून-बाहेरून पुसायची, उजेडात धरून बघायची. मला नुसतं झटकून लोकरी पिशवीत टाकायची. अशी नऊ वर्षं गेली.

न पुसलेल्या वस्तूवर काय साचतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पाल्याचा चीक माझ्या वाटीच्या कडेवर थराथराने बसत गेला आणि त्याचं काळं कडक कडं झालं. गेल्या जूनमध्ये ते इतकं जाड झालं की टोपी माझ्यावर पुरती बसेना. ती वाकडी आणि जराशी उचललेली राहायची. तिची चकती माझ्या कडेला टेकेना, मग मी किती तापले हे तिला कळणार कसं? ती उशिरा वाजू लागली. तोवर पाला करपलेला असायचा.

सायकाल खोकली. म्हणाली, "टोपी बिघडली."

मित्रांनो, हे शब्द ऐकून मला काय वाटलं ते लपवत नाही. मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्याच्या शनिवारी एक मोठं लग्न होतं. त्याआधीच्या दोन समारंभांत सायकालचा आवाज फाटला होता. यजमानांनी या वेळी मीरगुल नावाच्या तरुण तमादालाही बोलावून ठेवलं होतं, नुसती सोबत म्हणून.

"सोबत कसली," सायकाल म्हणाली. "माझ्यावर पहारा ठेवलाय. या वेळी घसा बसला ना, तर मायक्रोफोन खाली ठेवणार मी. लोकांनी काढून घेण्याआधी."

"टोपी शनिवारच्या आत दुरुस्त करतो," इशेनाली म्हणाला.

सोमवारी त्याने ज्योतीला दोष दिला. "तू खालच्या कडेला धरतेस, म्हणून उशीर होतो. माथ्याकडे धर, आणि फिरव." माथ्याकडे धरल्यावर टोपी चटकन वाजली, पण पाला गारच राहिला. मंगळवारी त्याने टोपी उकळत्या पाण्यात घातली, काडीला कापूस लावून आतला कोपरा न् कोपरा पुसला. फरक शून्य. बुधवारी चिमट्याने पाकळ्या आत दाबल्या. टोपी घट्ट झाली, पण बसली त्याच काळ्या कड्यावर. शिवाय तापल्यावर निघेना. ओढताना सायकालचा अंगठा भाजला.

"तुझी दुरुस्ती पुरे. माझी बोटं तरी शिल्लक ठेव."

रोज तीच उलटीपालटी होत होती, तिलाच चिमटे बसत होते, आणि रोज मी मनात म्हणत होते, अजून एक. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. कारण मी आवाज करत नव्हते, आणि आवाज न करणारी वस्तू बिघडते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी इशेनालीने पाकळ्या वाकवून चकती बाहेर काढली आणि छोट्या ऐरणीवर ठेवली. "हिचा फुगवटा जास्त झालाय. जरा बसवला की लवकर वाजेल."

"नक्की?"

"एकतीस वर्षं लोखंड कापलंय मी, बायबिचे."

त्याने हातोडीचे तीन ठोके मारले. हलकेच मारले. चकती सपाट झाली.

ती टोपीत बसवून त्यांनी टोपी माझ्यावर चढवली आणि ज्योत लावली. दोघं पुढे वाकली. आजवर कुणी इतकं जवळ येऊन माझ्याकडे कान लावला नव्हता. खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं, टोपीही नाही. नऊ वर्षं मी याच घडीची वाट पाहिली होती, आणि आता माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. मी तापत राहिले. पाला जळला. सायकालने धूर ओढला आणि खोकत खोकत भिंतीला टेकली.

शनिवारी लग्नात ती चाळीस मिनिटं टिकली. नवरदेवाच्या आजीला आशीर्वादासाठी उठवत असतानाच आवाज गेला. ओठ हलले, शब्द बाहेर आला नाही. पाहुण्यांनी बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे गोळे, खाता खाता माना वर केल्या. सायकाल सरळ मीरगुलकडे गेली आणि मायक्रोफोन तिच्या हातात ठेवला.

"घे, पोरी," ती पुटपुटली. "आजीचं नाव तुर्सुनाय. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल."

मी तिच्या खिशात होते; जे दिसलं नाही ते तिने घरी इशेनालीला सांगितलं तेव्हा कळलं.

रविवारी मला कायमचं ठेवून द्यायचं म्हणून इशेनालीने पिशवीतून काढलं. पहिल्यांदाच त्याने मला खिडकीशी नेलं, चष्मा लावला, आणि वाटीच्या कडेवरून नख फिरवलं.

"बायबिचे, जरा इकडे ये. बोट लाव इथे."

"खडबडीत लागतंय."

"टोपी यावर टेकत होती. टोपी चांगली होती. मी भलतीलाच ठोकलं."

सायकालने मला हातात घेतलं. तिचा आवाज अजून घोगराच होता. "नऊ वर्षांत आपण हिला एकदा तरी पुसलं का रे?"

"नाही."

"मग हिने तरी काय करायचं?"

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. तिने मला रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवलं आणि सकाळी कडं खरवडून काढलं. आता मी लेथवरून उतरले त्या दिवसासारखी चकचकीत आहे. पण टोपी मुकी झाली आहे.

शरद ऋतूतली सगळी लग्नं सायकालने नाकारली. इशेनाली दर आठवड्याला भंगार बाजारात जाऊन जुने हीटर उघडतो. आणलेली प्रत्येक चकती टोपीत बसवून माझ्यावर ठेवतो. एक फार लवकर वाजली, दोन वाजल्याच नाहीत. ज्योत लागली की दोघं वाकून कान देतात. त्यांच्याबरोबर मीही.

मित्रांनो, घरातल्या बोलक्या वस्तूंची काळजी तुम्ही घेताच. ज्या गप्प असतात त्यांनाही आठवड्यातून एकदा उजेडात धरा, कडेवरून बोट फिरवून पाहा. आवाज एकीचा बिघडतो आणि दोष कधी दुसरीत असतो. आणि कौतुकावाचून राहिलेली वस्तू एक दिवस दुसरीच्या आड येते. मला त्याला नऊ वर्षं लागली.