नमुन्याचं लग्न

वीरण्णानं उदगीरला फोटो स्टुडिओ टाकला तेव्हा त्याच्याकडे दोन कॅमेरे होते, दिवे होते, मागं लावायला ताजमहालाचा पडदा होता. नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. जो येई तो म्हणे, "आधी केलेल्या लग्नाचा अल्बम दाखवा." केलेलं लग्न एकही नव्हतं, आणि अल्बम दाखवल्याशिवाय लग्नाचं काम मिळत नव्हतं.

म्हणून त्यानं एक नमुन्याचं लग्न लावायचं ठरवलं.

नवरदेव घरचाच होता. वीरण्णाचा मेहुणा महांतेश माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. शेताशेतातून मातीचे नमुने पिशव्यांत भरून आणायचा. दिसायला बरा होता आणि रविवारी मोकळा असायचा. नवरी म्हणून त्याची बायको बबिता चालली असती, पण तिला आठवा महिना होता.

शेजारच्या लेडीज टेलरकडे सिंधू ब्लाऊज शिवायची. दुकानात टांगलेले नमुन्याचे ब्लाऊज तिच्याच हातचे. बायका त्यांच्याकडे बोट दाखवून 'असा गळा, तशी बाही' सांगायच्या. वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. वीरण्णानं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शालू कुणाचा?"

"भाड्याचा."

"मग चालतंय."

रिकाम्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. मंगलाष्टकं नव्हती, अक्षता होत्या. त्या टाकायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून बबितानंच खांबाआड उभं राहून नवऱ्याच्या डोक्यावर टाकल्या.

"जरा हसून टाक," वीरण्णा म्हणाला.

"फोटोत हातच येणार हाय ना माझा?"

"तरी बी."

अल्बम झकास झाला. कामं मिळू लागली. त्यातच देवणीकडचा श्रीमंत नावाचा शेतकरी आपल्या पोरीच्या लग्नाचे फोटो ठरवायला आला. त्यानं अल्बम चाळला, तिसऱ्या पानावर थांबला, तारीख ठरवली आणि गावी परतला. संध्याकाळी तो शेजारच्या रामलिंगाच्या ओट्यावर जाऊन बसला.

"पोरीचं लगीन उरकलास," तो म्हणाला. "आम्हाला बोलावलं न्हाईस."

रामलिंग हा सिंधूचा बाप. सहा वर्षांत तो तिच्याशी बोलला नव्हता. सुपारी फोडायला पाहुणे दारात आले असताना सिंधूनं 'मला हा मुलगा नको' म्हणून सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उदगीरची एसटी धरली होती. आईला तिचा फोन यायचा. रामलिंग शेजारी बसून सगळं ऐकायचा आणि फोन ठेवला की विचारायचा, "कुणाचा होता?"

श्रीमंत भेटून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी रामलिंग त्याच्याकडून पत्ता घेऊन थेट स्टुडिओत गेला आणि अल्बम मागितला.

"पोरीचं लग्न हाय का, काका?" वीरण्णानं विचारलं.

"हाय म्हणलालेत लोकं."

त्यानं एकेक पान सावकाश उलटलं. शेवटच्या पानावर मान वर केली. "नवरीचा बाप कुठाय?"

"त्याची गरज पडली न्हाई, काका. हे खरं लगीन न्हाई. सॅम्पल हाय."

"पोरगी तर खरी हाय की."

तेव्हा वीरण्णाच्या ध्यानात आलं. त्यानं सिंधूला हाक मारली. ती गळ्यात टेप घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अप्पा."

"कळवायचं तरी," रामलिंग म्हणाला.

"काय कळवू? लगीन झालंच न्हाई."

"अक्षता पडल्यात."

एवढ्यात मातीच्या पिशव्या गाडीला अडकवून महांतेश जेवायला आला. रामलिंगानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय करता तुम्ही?"

"मातीची सॅम्पलं घेतो."

"आणि घरी कोण?"

"बायको हाय. गेल्या महिन्यात मुलगी झाली."

वीरण्णानं पान उघडून खांबाआडचा हात दाखवला. "ही बायको. माझी बहीण."

रामलिंग त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"मला वाटलं, मला बोलावलं न्हाई," तो म्हणाला.

"खरं लगीन असतं तर बोलावलं असतं," सिंधू म्हणाली.

"मी आलो नसतो."

"ठाऊक हाय."

"तरी बोलवायचं."

वीरण्णाचं लक्ष मात्र धंद्यावर होतं. अल्बममध्ये पाठवणीचे फोटो नव्हते आणि गिऱ्हाइकं ते हमखास विचारायची.

"काका, उभं राहता का जरा?"

"सदरा मळलाय."

"वरून उपरणं घेऊ."

त्यानं रामलिंगाला तयार फेटा चढवला. सिंधूनं अंगावरच्या साडीवरूनच स्टुडिओतला शालू गुंडाळला. ताजमहालाचा पडदा गुंडाळून ठेवला, कारण मुलीची पाठवणी ताजमहालातून होत नाही.

"आता काकांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि थोडं रडायचं," वीरण्णा म्हणाला. "खोटं बी चालतंय."

रामलिंगानं हात ठेवला. आधी त्याचा जबडा हलला, मग खांदे. वीरण्णानं चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेतला, कारण आता दोघंही स्थिर उभी नव्हती. महांतेश बाहेर जाऊन पिशव्यांच्या गाठी पुन्हा घट्ट करत बसला.

"अप्पा, लोक बघायलेत," सिंधू म्हणाली. स्टुडिओच्या दारात खरंच दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"बघू दे," रामलिंग म्हणाला. "सॅम्पल हाय."

दुपारी सिंधूनं टेलरकडून सुट्टी घेतली आणि बापलेक देवणीच्या एसटीत बसले. वाटेत दोघांनी पावसापाण्याखेरीज काही बोलणं काढलं नाही. फाट्यावर उतरले तेव्हा श्रीमंत पानटपरीपाशी उभा होता. तो पुढं झाला आणि एसटीच्या दाराकडे वाकून बघू लागला.

"जावई?"

"जावई न्हाई," रामलिंग म्हणाला. "पोरगी आलीय."

मग त्यानं सिंधूची पिशवी खांद्याला अडकवली आणि तो घराच्या वाटेला लागला.