चौथ्या पिस्टनची खाच

"सिरॅमिकचा लेप म्हणे! आग लागो तुमच्या लेपाला," म्हणत गाडीवाल्याने पिशवी टेबलावर उपडी केली. चार पिस्टन गडगडत बाहेर आले. एक घरंगळत कडेला गेला, तो मिस्त्रींनी वरच्या वर झेलला.

"जरा सावकाश. पडला असता."

"पडू दे की! भंगारच आहे ते. तुम्ही काय सांगितलं होतं मला? ह्याच्यावर काजळी धरणार नाही, धरली तरी बोटाने पुसून निघेल. आणि तीन महिन्यांत हे? गाडी इतका धूर मारते की सवारी अर्ध्या रस्त्यात उतरून जाते. दुसऱ्या गॅरेजात इंजिन खोलून घेतलं, तो माणूस हसला मला."

मिस्त्रींनी चारही पिस्टन ओळीने उभे केले. तिघांचे माथे करडे होते, वर पावडरीसारखी पातळ काजळी. चौथा मात्र काळाकुट्ट. त्याच्यावर कार्बनचा नखाएवढा जाड थर चढला होता.

गल्ल्यापाशी मिस्त्रींचा मेहुणा बसला होता. दुकान दोघांच्या भागीदारीतलं. तो जागेवरूनच ओरडला, "ऑइल कुठलं टाकता? स्वस्तातलं ऑइल टाकायचं आणि खापर आमच्यावर फोडायचं!"

"एकच ऑइल चारही पिस्टनला जातं, शेठ. मग तीन गोरे आणि एकच काळा कसा?"

मेहुणा उठून टेबलापाशी आला. "हे बघा, पट्ट्या लावायचं काम बारा वर्षं माझी बहीण करायची. तिच्या हातचा एक पिस्टन परत आलेला नाही. एकसुद्धा! आता ती राहिली नाही. आता पट्ट्या कोण लावतं, ते ह्यांना विचारा."

आणि त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. बहीण गेल्यापासून तो त्यांच्याकडे असाच पाहायचा.

काम तसं साधं होतं. लेप फक्त पिस्टनच्या माथ्यावर मारायचा. माथ्याखाली रिंगांच्या खाचा असतात, त्यांत लेपाचा कणही जाता कामा नये. म्हणून आधी प्रत्येक खाचेत पिवळी पट्टी गुंडाळायची, मग फवारा, मग भट्टी. खाचेत लेप गेला की रिंग अडकते, ऑइल वर चढतं, जळतं, आणि जो कार्बन टाळायचा तोच दुप्पट साचतो. पट्ट्या बायको लावायची, फवारा मिस्त्री मारायचे. पट्टी नीट बसली की नाही हे फवाऱ्याआधी बघायचं कामही मिस्त्रींचं. पण तिचं काम त्यांनी कधी तपासलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. चौथ्या पिस्टनची वरची रिंग खाचेत घट्ट बसली होती. पातळ पात्याने ती त्यांनी थोडी थोडी सैल करत काढली. खाचेच्या तळाशी करड्या रंगाचे कण दिसले, दगडासारखे घट्ट. अर्ध्या बोटाच्या लांबीत पट्टी पोचलीच नव्हती.

"सापडलं घोडं कुठे पेंड खातंय ते?" गाडीवाला म्हणाला.

मिस्त्रींनी पिस्टन उजेडाकडे फिरवला. पट्टीचं टोक जिथे संपतं तिथे लेपाच्या कडेवर केसासारखी बारीक पायरी उमटते. त्यांच्या हातची पायरी उजवीकडे उतरायची. ही डावीकडे उतरत होती. त्यांनी बाकीचे तीन पाहिले. तिथेही डावीकडेच. बायको डावखुरी होती.

मग त्यांना तो दिवस आठवला. ती अंथरुणाला खिळायच्या आधीचा शेवटचा आठवडा. राहू दे म्हटलं तर तिने ऐकलं नव्हतं. चौथा पिस्टन मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली होती. "झालं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "झालंच," म्हणाली होती. पुढे ती गेली, दुकान वीस दिवस बंद राहिलं, आणि तयार पिस्टन तोवर कपाटात पडून होते. मेहुण्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. गाडीवाल्याला तर नव्हतंच.

"कोणी लावली ही पट्टी?" मेहुण्याने विचारलं.

"मी," मिस्त्री म्हणाले. "मी लावली. घाईत."

"बघा!" मेहुणा गाडीवाल्याकडे वळला. "कळलं? बारा वर्षं माझ्या बहिणीने नाव कमावलं आणि ह्यांनी ते तीन महिन्यांत धुळीला मिळवलं. दाजी, तिच्या जिवावर मिस्त्री म्हणून मिरवलात तुम्ही. उद्यापासून पट्टीला हात लावायचा नाही. तिच्या जागेवर माझा माणूस बसेल."

"बरं."

"बरं काय, बरं? लाज वाटायला पाहिजे!"

"तुमची घरची भांडणं नंतर करा," गाडीवाला म्हणाला. "मला चारही पिस्टन नव्याने करून द्या. जुना लेप काढून."

मिस्त्रींनी मान वर केली. "चार कशाला? बिघडलाय एक. बाकीचे तीन अगदी नीट आहेत. हे बघा, अंगठा फिरवा नुसता." त्यांनी स्वतःच अंगठा फिरवला. काजळी निघाली आणि खालचा लेप अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत दिसला. "असं काम पुन्हा होणार नाही. त्यांना हात लावू नका."

"त्यांच्या पट्ट्या लावल्या कोणी?" गाडीवाल्याने विचारलं.

मिस्त्री अंगठ्यावरची काजळी पुसू लागले.

"तुम्हीच ना? मग झालं तर. तुमच्या हातचा एकही नको मला. आज एक अडकला, उद्या दुसरा अडकेल."

"बरोबर बोलतायत ते," मेहुणा म्हणाला. "चारही साफ करा. आत्ताच्या आत्ता, त्यांच्या डोळ्यांसमोर."

मेहुणा वाट पाहत उभा राहिला. मिस्त्रींनी चारही पिस्टन उचलले आणि मागच्या बाजूला नेले.

लेप खरवडायच्या वाळूच्या पेटीत त्यांनी आधी चौथा पिस्टन घेतला. झाकण लावलं, रबरी हातमोज्यांत हात घातले, पायाने खालची कळ दाबली. वाळू सूं करत सुटली. मिनिटाभरात कार्बन गेला, लेप गेला, खाचेतले कणही गेले. खालचं पांढरं ॲल्युमिनियम उघडं पडलं.

बाकीच्या तिघांना वेळ लागला. पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्यावर वाळू नुसती घसरून जात होती.

"अहो, किती वेळ?" मेहुण्याने दारातून विचारलं. "चार पिस्टनला एवढा वेळ लागतो?"

"लेप चांगला बसलाय," मिस्त्री पेटीच्या काचेवरून नजर न काढता म्हणाले. "लवकर निघत नाही."

"तुमच्या हातचा, आणि चांगला बसलाय!" मेहुणा गाडीवाल्याकडे बघून हसला. गाडीवालाही हसला.

मिस्त्रींनी पाय दाबूनच ठेवला.