काचवाल्यांच्या बोटीचा भाव

विकणाऱ्याने भाव चढवायचा आणि घेणाऱ्याने तो पाडायचा, ही जगाची रीत. त्या सकाळी तळ्याच्या धक्क्यावर मात्र सगळं उलटं चाललं होतं, आणि बोटीची किंमत ठरवायला आलेल्या मिस्त्रींची पार पंचाईत झाली होती.

बोट काचवाल्यांची. तळ्याकाठच्या घरांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. काठाचा रस्ता असा, की टेम्पोत घातलेली काच पोचेपर्यंत तिचा चुरा व्हायचा. म्हणून ते काचा जुन्या ब्लँकेटांत गुंडाळून, उभ्या ठेवून, बोटीतून न्यायचे. दुकान त्यांनी कधीच जावयाच्या हाती सोपवलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नव्हतं. पण बोट सोडायला ते तयार नव्हते. सकाळी उठून जायला ती एकच जागा उरली होती.

बोट विकायचं खूळ बायकोचं. मागच्या महिन्यात धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना काचवाले पाण्यात पडले. "पडलो नाही, उतरलो," असं ते अजून सांगतात. पण टोपी आणि चष्म्यासकट कोण उतरतं, याचं उत्तर ते देत नाहीत. बायकोने त्यांचं डोकं पुसता पुसता निकाल देऊन टाकला. "यापुढे एकट्याने बोटीत पाय ठेवायचा नाही. जावयांना देऊन टाका ती." जावई म्हणाला, फुकट घेणार नाही, रास्त किंमत देईन. तेव्हा लेकीने दोघांचे कान उपटले. "तुम्ही कमी सांगणार, हे जास्त देणार, आणि मग जन्मभर दोघांच्याही मनात खुटखुट राहणार. तिसरा माणूस बोलवा."

तो तिसरा माणूस म्हणजे मिस्त्री. जुन्या बोटींचा भाव ठरवण्याची त्यांची एक पद्धत होती. अशाच बोटी हल्ली केवढ्याला गेल्या, तो आकडा आधी खडूने बोटीच्या अंगावर लिहायचा. मग एकेक गोष्ट तपासत तो पुसायचा, खाली आणायचा किंवा वर न्यायचा. सगळं उघड्यावर, दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर. शेवटी उरेल तो भाव.

बोट उतारावर ओढून ठेवली होती. मिस्त्रींनी पहिला आकडा लिहिला, आणि खडू खिशात जायच्या आत काचवाले म्हणाले, "तळाला ठिगळ आहे बरं का."

"बाबा, ते मी बघणारच आहे," मिस्त्री म्हणाले.

"बघाच. चांगलं वीतभर आहे."

आता खरं सांगायला हवं. जावयाचे पैसे वाचावेत म्हणून आपण खोड्या दाखवणार, असं काचवाल्यांनी बायकोला सांगितलं होतं. मनात मात्र वेगळाच डाव होता. भाव इतका पडायला हवा, की मिस्त्रींनीच हात झटकून म्हणावं, ही घेण्याच्या लायकीची नाही. मग बोट जागच्या जागी राहील. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण खरं बोलण्यात ते त्या दिवशी फार उदार झाले होते.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत नेला. जिथे आतून पाणी मुरलेलं असतं तिथे आवाज बसका येतो. इथे सगळीकडे खणखणीत आवाज येत होता, ठिगळावर तर जास्तच. "ठिगळ तळाहून पक्कं बसलंय," ते म्हणाले. आकडा होता तिथेच राहिला.

"इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचं एक पातं वाकलंय," काचवाले म्हणाले.

"पण छत नवीन आहे," जावई लगेच म्हणाला. "आणि दोऱ्याही."

"बाकं काढून टाकलीत मी. आत नुसती लाकडी चौकट आहे, काचा उभ्या ठेवायला. दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग नाही."

"दुसरा कोण घेतोय? मला तीच हवी आहे. तिचे वेगळे पैसे धरा, मिस्त्री."

मिस्त्री पुसून पुसून थकले. त्यांची बोटं पांढरी झाली, बाहीसुद्धा. शेवटी ते उभे राहिले आणि म्हणाले, "या धंद्यात माझे केस पिकले, पण विकणारा माल पाडतोय आणि घेणारा उचलून धरतोय, असं पहिल्यांदाच बघतोय. तुम्ही दोघं जरा गप्प बसता का?"

धक्क्यावरच्या बाकावर बसलेली काचवाल्यांची बायको हसली.

मग मिस्त्रींनी इंजिनावर तळहात ठेवला. थंड होतं. "हे बरं केलंत," ते म्हणाले. "गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवलेलं इंजिन दिसलं, की मी तिथूनच परत फिरतो." त्यांनी इंजिन वरखाली हलवून बघितलं, ज्या फळीवर ते टांगलं होतं ती कुरकुरली नाही. तेल पाहिलं, स्वच्छ होतं. काचवाल्यांचा चेहरा उतरत चालला. इतकी वर्षं जपलेली बोट आता त्यांच्यावरच उलटली होती.

बोट पाण्यात ढकलली. मिस्त्री आत गेले, त्यांनी चोक ओढला आणि इंजिनाची दोरी खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. दंड भरून आले तेव्हा त्यांनी जावयाला जागा दिली. जावयानेही ओढ ओढ ओढलं. इंजिन ढिम्म.

काचवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा असा, की जणू दुसऱ्याच कुणाची बोट आहे. बाकी सगळ्या खोड्या सांगितल्या होत्या त्यांनी. ही एवढी राहून गेली होती, कारण ती खोड आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मिस्त्रींनी फडक्याने आकडा पुसला आणि नवा लिहिला, निम्म्याहूनही कमी. "इंजिन मेलेलं आहे," ते म्हणाले. "त्याचे पैसे धरता येत नाहीत. जावईबापू, तुम्हाला विचारायचं तर, नका घेऊ."

झालं. हवं होतं ते नेमकं झालं. काचवाल्यांनी आता फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं. पण 'मेलेलं' हा शब्द त्यांना झोंबला. वादळात, धुक्यात, माणसापेक्षा उंच काच घेऊन ज्याने त्यांना एकदाही मध्ये सोडलं नाही, त्याला हा माणूस मेलेलं म्हणतो!

"मेलं असेल तुमचं," ते म्हणाले. "सरका."

जावयाने हात पुढे केला. तो धरून काचवाले बोटीत उतरले, या वेळी खरोखरच उतरले. पूर्ण ओढलेला चोक त्यांनी अर्धा आत ढकलला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हलकेच दाबला. इंजिनाच्या टोपणावर तळहात टेकवून क्षणभर थांबले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग दोरी जोरात न खेचता आखूड ओढली. इंजिन सुरू झालं.

आणि सुरू झाल्याबरोबर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तिघं तळ्यात एक फेरी मारून आले. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. परत आल्यावर त्यांनी तो निम्म्यावर आणलेला आकडा पुसला आणि पहिल्याहून थोडा कमी असा नवा लिहिला. "इंजिन उत्तम आहे. कार्बोरेटरमध्ये कचरा बसलाय, एक सुटा भाग बदलावा लागेल. दुपारपर्यंत करून देतो. मग शेंबड्या पोराने ओढलं तरी सुरू होईल. तो खर्च तेवढा वजा केलाय."

काचवाले आत चौकटीला धरून उभे होते. बोट जाणार हे तर ठरलंच होतं, पण हे जास्त लागलं. एका एवढ्याशा सुट्या भागाने त्यांची उरलीसुरली गरजही संपणार होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला ते उगाच ब्लँकेटांच्या घड्या घालत बसले.

"दुरुस्ती नको," जावई म्हणाला.

"म्हणजे?"

"आहे तसंच राहू द्या. आणि खर्च वजा करू नका. पूर्ण भाव लिहा."

"अहो, मग रोज सुरू कोण करणार?"

"बाबा करतील. काचा मी उचलेन, इंजिन त्यांनी बघायचं."

काचवाल्यांनी घडी अर्धवट सोडली आणि धक्क्याकडे पाहिलं. "आणि हिला चालेल का ते विचारा आधी."

बायको उठून साडी झटकत म्हणाली, "मी एकट्याने जायचं नाही म्हटलं होतं. दुकट्याने जा की. घरात तरी काय करता, नुसता पंखा पुसत बसता."

मिस्त्रींनी मान हलवली, आकडा वर नेला आणि त्याच्याखाली रेघ मारली. या घरचं काम पुन्हा घ्यायचं नाही, असं काहीतरी पुटपुटत ते हात धुवायला गेले.

जावई बोट बांधायला वाकला. काचवाले त्याच्याकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून हा माणूस या बोटीत, या इंजिनाशेजारी बसत आला होता.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "मी चोक अर्धाच ठेवतो, हे इतक्या वर्षांत तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"दिसलं होतं की," जावई म्हणाला, आणि त्याने दोरीची गाठ आवळली.