मधली पट्टी

"चौथी म्हटलं ना मी!" हे ओरडले, आणि दचकून माझं बोट पियानोच्या पट्टीवरून सुटलं.

ओरडले! झटका आल्यापासून ज्या माणसाकडून 'हं'च्या पलीकडचा शब्द काढायला मला अख्खी सकाळ घालवावी लागायची, तो माणूस माझ्यावर चक्क खेकसत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याचं असं झालं. यांचा सगळा जन्म शाळेत आणि घरी पोरांना पियानो शिकवण्यात गेला. झटक्याने उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. घरी आल्यावर यांनी पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. शाळेत आता यांच्या जागी यांचीच एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. आदल्या आठवड्यात तिला फोन लावायला सांगितला आणि म्हणाले, "पियानो... घेऊन जा." बस्स, एवढंच. पियानो गेला असता तर खुर्चीत मागे काय उरलं असतं, ते मला दिसत होतं. समजावून पाहिलं, भांडून पाहिलं; सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, सरळ बोटाने तूप निघणार नाही.

मी ऑर्डरीचे स्वेटर विणते. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. त्या सकाळी सुया बाजूला ठेवल्या, झाकण उघडलं आणि दहाही बोटांनी पियानो बडवायला लागले. बेसूर या माणसाला कधीच सोसलेलं नाही. थोड्याच वेळात पाय ओढत आले आणि माझ्या शेजारी बाकावर टेकले.

"अगं... पियानो आहे तो. धुणं नाही."

"मग शिकवा की! जगातली पोरं शिकवून झाली, बायकोच तेवढी राहिली."

यांनी डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. करंगळी एका पट्टीवर, अंगठा उजवीकडे लांबच्या दुसऱ्या पट्टीवर. दोन स्वर निघाले. भरीव, पण मधे रिकामे.

"मधली... तू दाब. करंगळीपासून चौथी. काळ्या पण धर."

आता विणकामात सुईवरचा पहिला टाका धरूनच मोजायचा असतो. मी यांच्या करंगळीखालची पट्टी 'एक' धरली आणि तिथून चौथी दाबली. बाहेर ऊन तसंच होतं, पण खोलीत दिवस मावळला. माझे डोळे भरून आले, कशाने ते कळेना. तेवढ्यात हे ओरडले.

"चौथीच दाबली की हो!"

"पहिली धरून मोजलीस. ती सोडायची. सोडून... चौथी."

मी बोट एक पट्टी सरकवलं. एकच. यांची दोन्ही बोटं जागची हललीसुद्धा नव्हती, आणि तरी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी पुन्हा मागे गेले, मावळलं. पुढे आले, उजाडलं.

"हे मेजर," हे म्हणाले. "चुकलीस ते मायनर."

"एवढ्याशा फरकानं?"

"खाली चार, वर तीन... मेजर. खाली तीन, वर चार... मायनर. बेरीज तीच. सात."

आणि मला लख्ख कळलं. चार टाके सुलट, तीन उलट. नाहीतर तीन सुलट, चार उलट. लोकर तीच, रुंदी तीच, पण विणीचा चेहराच निराळा. इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून ऐकत आले होते, की आत पोरं कधी आनंदाचं वाजवतात, कधी रडवतात. आणि त्या दोहोंच्या मधे एवढीच जागा होती! एका बोटाची! मी चक्क हात जोडले.

"नमस्कार... कुणाला?"

"मधल्या पट्टीला."

हे हसले. अर्ध्याच ओठांनी, पण हसले. मग म्हणाले, "शाळेला फोन लाव. म्हणावं... इतक्यात नको."

तो हिवाळा आणि पुढचाही आम्ही दोघांनी मिळून एका हाताचं काम केलं. टोकं यांची, मधलं माझं. मी चुकायची, हे खेकसायचे. यांची जीभ सुटत गेली ती माझ्यावर खेकसूनच.

गेल्या महिन्यात हे गेले. झोपेतच. चार दिवसांनी मी पियानोशी बसून माझी पट्टी दाबली. एकटी ती ना मेजर, ना मायनर. नुसता एक आवाज. टोकं मलाही दाबता आली असती, हात धड आहेत माझे. पण तिकडे बोट जाईना. मग शाळेला मीच फोन केला.

आज ती विद्यार्थिनी टेम्पो घेऊन आली. हमाल बाहेर दोर सोडवत होते. तिने झाकण उघडून पट्ट्यांवरून हलकेच हात फिरवला आणि विचारलं, "काकू, तुम्हीपण वाजवता?"

"वाजवते. पण फक्त मधली पट्टी."

ती हसली नाही. बाकावर एका कडेला सरकून बसली, शेजारी जागा ठेवली. डावा हात पट्ट्यांवर ठेवला. करंगळी इकडे, अंगठा तिकडे, अगदी यांच्यासारखा. दोन स्वर निघाले आणि हळूहळू विरायला लागले. हमाल दारातच थांबले.

मी तिच्या शेजारी बसले, करंगळीखालची पट्टी सोडली आणि मोजायला लागले.